डिझाइन रिसर्च इंटर्नचं खरं काम: भरवसा ठेवता येईल अशी नोंद

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला डिझाइन स्टुडिओत सहा महिन्यांची डिझाइन रिसर्च इंटर्नशिप मिळाली आहे. निवृत्त विडी कामगारांना पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो मोबाइलवरून देणं सोपं कसं करता येईल, हा प्रकल्प. फील्डवर्क सोलापुरातच. काम नेमकं काय असतं, तयारी काय करावी, कुठे चुकतं आणि पोर्टफोलिओत काय दाखवता येतं, असं तिने विचारलं आहे.

अशा प्रकल्पात कामाची वाटणी साधारण ठरलेली असते. कोणता प्रश्न शोधायचा, ग्राहक संस्थेशी काय बोलायचं, शेवटी काय सुचवायचं हे वरिष्ठ रिसर्चर बघतात. इंटर्नकडे येतं ते माणसं शोधणं, फोन करून वेळ ठरवणं, संमती घेणं, मुलाखतीत नोंदी घेणं, रेकॉर्डिंग सांभाळणं आणि ते उतरवून काढणं. ऐकायला हे वरकाम वाटतं. तसं समजू नका. दोन महिन्यांनी सादरीकरणात कुणीतरी विचारतं, "त्या खरंच असं म्हणाल्या, की तुम्हाला तसं वाटलं?" याचं उत्तर स्लाइडमध्ये नसतं, तुमच्या वहीत असतं. वहीत नसेल तर तो मुद्दा खरा असूनही तिथेच गळतो. म्हणून या उत्तरात सर्वांत जास्त जागा नोंदीला दिली आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत कुणाच्याही घरी जाऊ नका. आधी दाखल्याची सगळी वाट कागदावर काढा. ही पेन्शन ज्यातून येते त्या ईपीएस-९५ (पीएफ खात्याची कर्मचारी पेन्शन योजना) या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. दाखला वर्षातून एकदा द्यायचा, तो दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, त्यामुळे नोव्हेंबरमध्येच रांग लावायला हवी असं नाही. पण बऱ्याच जणांच्या डोक्यात नोव्हेंबरच पक्का बसलेला असतो. जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४ मध्ये आली, ती बोटांच्या ठशावर किंवा डोळ्याच्या बुबुळावर चालायची. आयुष्यभर तेंदूची पानं कापून, विड्या वळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात वय. ठसा उमटत नाही. २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला देता येतो. त्यासाठी फोनवर दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधार फेस आरडी. आणि पहिल्याच टप्प्याला, ज्याच्या फोनवरून काम चाललं आहे त्याने 'ऑपरेटर' म्हणून स्वतःची ओळख पटवायची असते. पेन्शनरची पाळी नंतर येते. ही एवढी गोष्ट आधी माहीत नसेल, तर समोर घडलेला घोटाळा तुमच्या डोळ्यांपुढून निघून जाईल आणि कळणारही नाही.

ही वाट एका मोठ्या कागदावर काढा. प्रत्येक टप्प्याखाली तिथे काय लागतं ते लिहा: आधार, मोबाइल नंबर, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, बँक खातं. मग असे दाखले काढून देणाऱ्या एखाद्या सेवा केंद्रात चालकाची परवानगी काढून दोन-तीन तास बसा आणि कुठे अडतं ते बघा. मुलाखतीचे प्रश्न त्यानंतर लिहायचे.

सोलापूरचं असणं इथे मोठी जमेची बाजू आहे, आणि धोकाही तिथेच आहे. पूर्व भागातल्या घरात तेलुगू बोललं जातं, अक्कलकोटकडच्या माणसाला कन्नड जवळची, कुठे दखनी, आणि बाहेर सगळ्यांशी मराठी, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण विडी कामगारांचं आयुष्य आपल्याला माहीतच आहे, या समजुतीने प्रश्नच विचारले जात नाहीत. ज्याचं उत्तर येतं असं वाटतं तो प्रश्न मुद्दाम विचारा. "पेन्शन बँकेतून कोण काढून आणतं?" हा तसाच एक.

माणसं शोधताना नात्यातलं कुणी घेऊ नका, आणि सगळी एकाच गल्लीतली नकोत. युनियनच्या कार्यकर्त्यामार्फत गेलात तर चळवळीत असलेल्या, बोलक्या बायका मिळतात. कारखान्याच्या मुनिमामार्फत गेलात तर तक्रार न करणाऱ्या मिळतात. सेवा केंद्रातून घेतल्यात तर ज्या तिथपर्यंत पोचल्या त्याच मिळतात, आणि ज्यांची पेन्शन दाखल्यावाचून थांबली त्या सुटतात. म्हणून किमान तीन वाटांनी शोधा: भवानी पेठेसारखी जुनी वस्ती, कुंभारीची विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत, आणि शक्य झालं तर शहराबाहेर मुलाकडे राहायला गेलेल्या एक-दोघी. फोनवर पाच-सहा प्रश्नांची चाळणी लावा: पेन्शन चालू आहे का, मागचा दाखला कसा दिला, घरात स्मार्टफोन कुणाकडे, बोलायला कोणती भाषा सोयीची, ठसा कधी नाकारला गेला का.

किती जणी हव्यात? मुलाखतींसाठी आठ ते बारा, पण तेवढ्यात गट मोजून घ्या. इथे गट किमान तीन आहेत: स्वतः पेन्शनर, घरातला फोन चालवणारा मुलगा किंवा नातू, आणि सेवा केंद्राचा चालक. 'पाच जण पुरतात' हे वाक्य सगळीकडे फिरतं. ते नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या मांडणीतून आलं आहे. एक अडचण एका माणसाच्या चाचणीत सापडण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, असा तो हिशोब. तो तयार स्क्रीनच्या चाचणीचा आहे आणि सगळे एकाच प्रकारचे वापरणारे आहेत असं धरून आहे. आयुष्य समजून घ्यायच्या मुलाखतींना तो लावू नका.

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा घराचं वेळापत्रक बघा. घरात सून किंवा मुलगी अजून विड्या वळत असेल तर माल जमा करून येईपर्यंत कुणी मोकळं नसतं. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर त्या दिवशी जाऊच नका. पाणी रोज येत नाही, त्या दोन तासांत कुणी तुमच्याशी बोलणार नाही आणि बोललं तरी अर्धं लक्ष हंड्याकडे असेल. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस टाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारी पत्र्याच्या खोलीत माणूसही तापतो आणि फोनही. सकाळी अकराच्या आत उरका. दिवसाला दोन मुलाखती, फार तर तीन. चौथी घेतलीत तर दुसरी आणि तिसरी एकमेकींत मिसळतात.

पैशांचं आधीच स्पष्ट बोला. तासाभराच्या बैठकीचे ३०० ते ५०० रुपये रास्त आहेत, आणि सून काम थांबवून बसली तर तिचेही वेगळे, कारण विडीची मजुरी हजारावर मिळते. हात थांबला की पैसे थांबले. पाकीट शेवटी द्यायचं, पण मध्येच उठून गेल्या तरी पूर्ण द्यायचं, आणि हे सुरुवातीलाच सांगायचं. नाहीतर पैशांसाठी त्या बसून राहतात आणि तुम्हाला आवडेल तेच बोलतात. शेजारणींसमोर पाकीट देऊ नका. पुढच्या आठवड्यात अख्खी गल्ली पेन्शनर होते. पावतीवर सही किंवा अंगठा घ्या, पण ही पावती आणि संमतीपत्र एकाच कागदावर नको.

संमतीबद्दल इंटर्न बहुतेक वेळा घाईत असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, कशासाठी ते नेमकं सांगून आणि माणसाला समजेल अशी घ्यावी लागते, ती मागे घेणंही तितकंच सोपं ठेवावं लागतं. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकाची संमती लागते. नातू सोळाचा असेल तर हे लागू होतं. वाचता न येणाऱ्या आज्जींना छापील कागदावर अंगठा लावायला लावणं ही संमती नाही. त्यांच्या भाषेत चार वाक्यं बोला: आम्ही कोण, काय विचारणार, आवाज कुठे ठेवणार आणि कधी पुसणार, कधीही थांबता येतं. मग त्यांचं "चालतंय" रेकॉर्डिंगवर घ्या. आणखी एक वाक्य इथे न चुकता: आम्ही पेन्शनच्या ऑफिसातले नाही, तुमची पेन्शन आमच्यामुळे ना वाढेल ना थांबेल. हे सांगितलं नाही तर समोरची बाई तासभर साहेबांना उत्तरं देते.

आधार कार्ड, पासबुक, पीपीओ यांचे फोटो घेऊ नका. त्या आपणहून पुढे करतील, "घ्या की वो फोटो." कागद कुठे ठेवतात, कशात गुंडाळतात, कोणता कागद लॅमिनेट केला आहे, हे मात्र जरूर लिहून घ्या, तेच कामाचं असतं.

प्रश्नांचा एकच नियम पाळलात तरी निम्मं काम होतं: मत विचारू नका, मागचा प्रसंग विचारा. "असं ॲप असलं तर वापराल का?" याला सोलापुरात कुणी पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणार नाही. त्याऐवजी: "मागच्या वेळी दाखला दिलात, तो दिवस सांगा. घरातून किती वाजता निघालात? बरोबर कोण होतं? रिक्षाला किती गेले? तिथं काय म्हणाले? मग?" हा "मग?" फार कामाचा आहे. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच मोजा, मगच पुढचा प्रश्न. नेमकी गोष्ट बरेचदा त्या पाचात येते. तासाची आखणी साधारण अशी: पाच मिनिटं ओळख आणि संमती, दहा मिनिटं घर आणि कामाचा इतिहास, निम्मा तास तो एक प्रसंग, दहा मिनिटं "दाखवता का?", उरलेली पाच त्यांच्या प्रश्नांना. "दाखवता का" कधी गाळू नका. "फोन येतो मला" म्हणणाऱ्यांना हिरवं बटण तेवढं येत असतं, आणि "मला काय येतंय" म्हणणाऱ्या नातवंडांचे आवाजी मेसेज सराईतपणे ऐकत असतात.

दुभाष्या घ्यावा लागला तर मुलाखतीआधी त्याच्याबरोबर अर्धा तास बसा. आज्जी तीन मिनिटं तेलुगूत बोलतात आणि दुभाष्या सांगतो, "त्रास होतो म्हणतात." ती तीन मिनिटं गेली. त्याला सांगा: दोन-तीन वाक्यांनंतर थांबवायचं, 'मी'च्या रूपातच सांगायचं, उत्तर समजावून देऊ नका, आणि आज्जींना आपणहून मदत करू नका. घरातली सून दुभाषी म्हणून नको. सासू सुनेसमोर पेन्शनच्या पैशांबद्दल खरं बोलत नाही. रेकॉर्डिंगमधला तेलुगू भाग नंतर दुसऱ्या जाणकाराकडून ऐकून घ्या, निदान दहा मिनिटांचा. दोघांच्या सांगण्यात फरक निघाला तर उरलेलंही तपासा.

आता नोंद. वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे रुंद भाग: जे दिसलं, जे ऐकू आलं, वेळेसकट, त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे अरुंद भाग: तुम्हाला काय वाटलं. हे दोन भाग कधीही मिसळायचे नाहीत. समजा एका घरात नातू फोनवर दाखला काढायला बसला आहे. सवय नसलेल्या इंटर्नची नोंद अशी येते: "आज्जींना ॲप अवघड वाटलं. तंत्रज्ञानाची भीती. नातवाची मदत लागते." यावरून काय सुचणार? शिकवायचा व्हिडिओ. आता तोच प्रसंग नीट नोंदलेला, काल्पनिक पण अगदी असाच घडू शकणारा:

"११:२० आज्जी उंबऱ्याजवळ, पाठीला दार, मागून ऊन. फोन नातवाचा. पहिल्या पानावर आधार नंबर मागितला. नातू: 'कुणाचा टाकू?' आज्जी: 'माझाच टाक, पेन्शन माझी हाय की.' आज्जींचा नंबर, मोबाइल मात्र नातवाचा. ओटीपी आला, टाकला. ११:२६ चेहरा. डोळे मिटा-उघडा असं स्क्रीनवर. आज्जी हसल्या, डोळे मिटून तशाच राहिल्या. दोनदा फसलं. नातवाने आत भिंतीकडे वळवलं, तिसऱ्यांदा जुळलं. ११:३१ पुन्हा आधार नंबर मागणारं पान. नातू: 'आत्ताच दिला की!' ॲप बंद केलं. आज्जी: 'झालं काय रे?' नातू: 'झालं असंल.' कागद पिशवीत परत."

उजवीकडे एवढंच: "ऑपरेटरच्या जागी पेन्शनरची माहिती गेली? दाखला निघालाच नाही, पण दोघांना झाला असं वाटतंय. तपासणे." भीतीचा इथे मागमूस नाही. पहिल्या पानावर 'कुणाचा नंबर' हे कळत नाही, उजेड कुठून हवा हे सांगितलेलं नाही, आणि काम पुरं झालं की नाही याची खूण नाही. तिन्ही गोष्टी डिझाइनमध्ये बदलता येतात. शिवाय तिसरी सर्वांत गंभीर, कारण ती चूक पेन्शन थांबली की मगच कळते. डावीकडचं पान नीट असेल तर उजवीकडचा अंदाज चुकला तरी दुसरा कुणी तो दुरुस्त करू शकतो. फक्त अंदाजच लिहिला असेल तर दुरुस्त करायला काहीच उरत नाही.

तुम्ही मध्ये पडलात तर तेही लिहा. "इथे मी सांगितलं" असा शेरा नसेल तर त्यापुढचं सगळं यश खोटं ठरतं. मुलाखत संपली की लगेच, चहाच्या टपरीवर का होईना, जोडीदाराबरोबर वीस मिनिटं बसा: काय नवं कळलं, काय आधीच्या समजाविरुद्ध गेलं, पुढच्या घरी काय विचारायचं. आणि वही त्याच संध्याकाळी साफ करा. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच अक्षरातला अर्धा मजकूर लागत नाही.

रेकॉर्डिंग दोन साधनांवर करा. फोन असेल तर विमान मोडवर, कारण मध्येच कॉल आला की काही फोनवर रेकॉर्डिंग थांबतं. सुरुवातीला अर्धा मिनिट रेकॉर्ड करून कानाला लावून ऐका. पंखा आणि टीव्ही किती खातात ते तेव्हाच कळतं. (पुढचा प्रकल्प यंत्रमागाच्या शेडमध्ये मिळाला तर हे सगळं विसरा. चालू मागांशेजारी आवाज पकडता येत नाही. तिथे फक्त बघायचं आणि लिहायचं, बोलणं पाळी सुटल्यावर बाहेर.) फाइलला नाव देताना तारीख आणि क्रमांक द्या, माणसाचं नाव नको. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये.

एका तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. वेळापत्रकात हे कुणी धरत नाही, तुम्ही धरा. आपोआप उतरवणारी साधनं वापरली तरी मूळ आवाजाशी ताडून बघा, विशेषतः आकडे आणि नकार. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवट पुटपुटला जातो. "जमलं नाही" मधला "नाही" गळाला की अर्थ उलटा. बोली सुधारू नका. "यायलाय" ला "येत आहे" केलंत तर वाक्य कुणाचंच राहत नाही.

मग चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण, कोपऱ्यात क्रमांक. दहा मुलाखतींतून तीन-चारशे चिठ्ठ्या सहज निघतात. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या पद्धतीने त्या खालून वर लावायच्या: आधी सारख्या वाटणाऱ्या शेजारी ठेवायच्या, नाव नंतर द्यायचं. 'आधार', 'कुटुंब', 'बँक' अशी खणं आधी आखून चिठ्ठ्या त्यात टाकल्यात तर जे आधी माहीत होतं तेच बाहेर येतं. गटाचं नाव पूर्ण वाक्य हवं: "दाखला झाला की नाही हे पेन्शन जमा होईपर्यंत कळत नाही." धुळीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर चिठ्ठ्या टिकत नाहीत आणि उन्हाळ्यात पंखा बंद ठेवता येत नाही, खाकी कागदाचे मोठे ताव भिंतीला लावून त्यावर चिकटवा, संध्याकाळी फोटो काढा, ताव गुंडाळून ठेवा.

अहवालात टक्केवारी नको. आठांपैकी पाच म्हणजे "आठांपैकी पाच", ६२.५ टक्के नव्हे. आणि उरलेल्या तिघींचं काय झालं ते एका ओळीत लिहाच. बरेचदा उपाय तिथेच असतो, त्यांनी काहीतरी वेगळं केलेलं असतं.

नंतरच्या महिन्यांत नमुना स्क्रीनची चाचणी येईल. पाऊण तासात चार-पाच कामं पुरेत. कामाच्या वाक्यात बटणावरचा शब्द नको: बटणावर "दाखला सादर करा" असेल तर "दाखला सादर करून दाखवा" असं सांगणं म्हणजे उत्तर फोडणं. खोटी माहिती भरलेला नमुना वापरा, कुणाचाही खरा आधार नंबर नाही. करता करता मोठ्याने विचार सांगा, हे म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. बोलायला लागल्या की हात थांबतो. काम झाल्यावर त्याच स्क्रीन परत दाखवून "इथं काय मनात आलं?" विचारा. कुणी जॉन ब्रूक यांची एसयूएस प्रश्नावली (वापरायला किती सोपं याला शंभरपैकी गुण देणारी) लावायला सांगितली तर दोन गोष्टी लक्षात आणून द्या: तिच्या दहा विधानांत एक आड एक विधान नकारात्मक असतं, तोंडी विचारताना त्यावर "हो" म्हणजे काय याचा गोंधळ होतो, आणि सहा जणांच्या सरासरीची ६८ या नेहमीच्या सरासरीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

पोर्टफोलिओचं पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या. गोपनीयतेच्या करारावर सही करण्याआधी ईमेलने विचारा: काय दाखवता येईल, ग्राहकाचं नाव घेता येईल का, कधीपासून. शेवटी विचारलंत तर उत्तर बहुधा नाही असं येतं. स्क्रीन दाखवायला परवानगी नाही मिळाली तरी पद्धत दाखवता येते: चाळणीचे प्रश्न, मुलाखतीचा आराखडा आणि दुसऱ्या मुलाखतीनंतर त्यात काय बदललं व का, दोन भागांच्या नोंदीचं एक पान नावं-ठिकाणं बदलून, आणि एका निष्कर्षापासून मागे थेट नोंदीपर्यंत जाणारी साखळी. नोकरी देणारा रिसर्चर हे पान सर्वांत जास्त वेळ बघतो. पेन्शनरांचे चेहरे पोर्टफोलिओत नकोत, संमती रिसर्चसाठी घेतली होती, तुमच्या संकेतस्थळासाठी नाही.

शेवटच्या आठवड्यात काम सोपवताना फाइलींची यादी, क्रमांकांची यादी, कोणती संमती कशासाठी होती याचा तक्ता आणि अर्धवट राहिलेले "तपासणे" शेरे हे चारही वेगवेगळे द्या. मग स्वतःच्या फोनमधली, व्हॉट्सॲपमधली आणि गूगल ड्राइव्हमधली सगळी रेकॉर्डिंग पुसा, फोनच्या कचरापेटीसकट. ज्या घरी दाखला अर्धवट राहिल्याचं तुमच्या नोंदीत आहे, तिथे वरिष्ठांना सांगून जा आणि तो पुरा करून द्या. ही भेट चाचणी संपल्यावरच करा, आणि तिची नोंद डेटात धरू नका.